बालगृहातून कॉलेजात: प्रवेशाआधीची तयारी आणि नंतरचे सहा महिने

दरवर्षी जून-जुलैत मराठवाड्यातल्या बालगृहांतून आणि नातेवाइकांच्या आसऱ्याला वाढलेली मुलं-मुली कॉलेजात जातात. त्यातली काही दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात दिसत नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘अभ्यास झेपला नाही.’ खोलात गेलं की वेगळंच निघतं. शिष्यवृत्तीचा अर्ज नावातल्या चुकीमुळे अडकलेला असतो, मेसचे दोन महिने थकलेले असतात, खोलीमालकानं तगादा लावलेला असतो आणि हे सांगायला हक्काचं माणूस नसतं. अभ्यासाची अडचण त्याच्याही नंतरची.

हे टाळता येतं, पण कामाचा क्रम बरोबर हवा. बहुतेक ठिकाणी आधी प्रवेश, मग धावपळ करून खोली, मग पैशांची जमवाजमव आणि सगळ्यात शेवटी कागद असा उलटा क्रम चालतो. तो असा हवा: आधी कागद, मग राहण्याची सोय, मग प्रवेश, मग पैसा, आणि या सगळ्याच्या सोबत सुरुवातीपासून एक नेमलेलं मोठं माणूस. हा लेख बालगृहाचे अधीक्षक, शाळेतले शिक्षक, मुलाला सांभाळणारे मामा-मावशी आणि अशा मुलामागे उभं राहू पाहणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे.

## टप्पा १: मूल कोणत्या गटात बसतं ते आधी ठरवा

‘संस्थेतलं मूल म्हणजे अनाथ’ असं गृहीत धरून सगळे अर्ज त्याच वाटेनं लावले जातात. ऐन प्रवेशाच्या वेळी कळतं की आई गावाकडे आहे, आणि महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. म्हणून बाल कल्याण समितीचा (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) आदेश आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल काढून एकदा नीट वाचा.

आई-वडील दोघंही वारले असतील तर मूल अनाथ प्रमाणपत्राच्या वाटेनं जातं. महिला व बालविकास विभागाच्या ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन प्रवर्ग आहेत. म्हणजे संस्थेत न राहता आजी किंवा काकांकडे वाढलेलं मूलही त्यात येऊ शकतं. खेड्यातल्या कित्येक कुटुंबांना हे माहीतच नसतं.

एक पालक हयात असेल तर अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्याकडे अशीच मुलं जास्त भेटतात. वडिलांनी आत्महत्या केलेली शेतकरी कुटुंबं, आई ऊसतोडीला जाते म्हणून संस्थेत ठेवलेली बीड-धाराशिवकडची लेकरं, आईनं दुसरं लग्न केलेली मुलं. यांची वाट जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि त्या-त्या विभागाची शिष्यवृत्ती अशी आहे. त्यामुळे पालक कितीही लांब असला तरी त्याच्याशी संपर्क राखणं हा कागदाच्या कामाचाच भाग समजा.

सापडलेलं किंवा सोडून दिलेलं मूल असेल तर समितीच्या आदेशात नेमकं काय लिहिलंय ते घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला. तोंडी माहितीवर फॉर्म भरू नका.

प्रतिपालक कुटुंबात किंवा बालसंगोपन योजनेवर नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांचं लक्षात ठेवायचं ते एवढंच: बालसंगोपनाचे दरमहा २,२५० रुपये अठरा पूर्ण झाले की थांबतात. कुटुंब त्या पैशावर टेकलेलं असेल तर मुलाचं शिक्षणही त्याच महिन्यात डगमगतं.

तपासा: मुलाचा गट कोणता, हे एका ओळीत लिहून फाईलच्या पहिल्या पानावर लावा. ती ओळ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: फाईल दहावीतच उघडा

बारावीचा निकाल लागल्यावर कागद गोळा करायला घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी ही फाईल उघडा. त्याचं कारण नाव. शाळेच्या रजिस्टरमध्ये एक नाव, आधारवर दुसरं आणि समितीच्या आदेशात तिसरं असं सर्रास असतं. कुणाला संस्थेनं आडनाव दिलेलं असतं, कुणाचं वडिलांचं नाव अंदाजानं लिहिलेलं असतं, तर कुणाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं. दहावीच्या फॉर्मआधी हे मुख्याध्यापकांच्या पातळीवर सुधारता येतं. गुणपत्रिका छापून आली की तेच काम छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरच्या विभागीय मंडळाकडे जातं आणि हेलपाटे सुरू होतात.

फाईलमध्ये हे असावं:

- बाल कल्याण समितीचे सगळे आदेश, दाखल केल्याच्या तारखेपासून
- आई-वडिलांचे मृत्यू दाखले (असल्यास), जन्माचा दाखला किंवा वयनिश्चितीचा आदेश
- शाळा सोडल्याचा दाखला. शाळा बदलल्या असतील तर प्रत्येक शाळेचा
- आधार, बँक पासबुक, पॅन
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला आणि व्यावसायिक कोर्स घ्यायचा असेल तर जात पडताळणी
- संस्थेत किती वर्षं राहिलं, याचं अधीक्षकांच्या सहीशिक्क्याचं पत्र

यातल्या दोन कागदांवर जास्त बोलायला हवं.

पहिला आधार. मूल संस्थेत लहानपणी आलं असेल तर आधारला मोबाईल नंबर अधीक्षकांचा किंवा कधीच सोडून गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याचा जोडलेला असतो. लातूरच्या एका सायबर कॅफेत एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत बसलेली मी पाहिली आहे. ओटीपी जायचा अधीक्षिकांच्या मोबाईलवर, आणि त्या एसटीत, रेंज येत-जात. त्यांनी आकडा वाचून दाखवेपर्यंत ओटीपी बाद व्हायचा. मागे रांग लागलेली. शेवटी ती फॉर्म अर्धवट ठेवून उठली. म्हणून अकरावीत असतानाच मुलाच्या नावानं सिम घ्या, आधार केंद्रात नेऊन नंबर बदला, आणि पंधराव्या वर्षानंतरचं बोटांच्या ठशांचं अपडेट राहिलं असेल तर त्याच फेरीत उरकून घ्या.

दुसरं बँक खातं. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. पुष्कळ मुलांचं एखादं जुनं खातं गावाकडे असतं, जिल्हा परिषद शाळेत असताना उघडलेलं, वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं. पैसे गुपचूप तिकडे जातात आणि इथे मूल ‘अजून आले नाहीत’ म्हणत बसतं. आधारच्या संकेतस्थळावर कोणतं खातं जोडलेलं आहे ते दिसतं. ते बघा आणि हवं ते खातं बँकेत जाऊन जोडून घ्या. अज्ञान (अठराच्या आतल्या मुलाचं) खातं असेल तर अठरा पूर्ण होताच नवी केवायसी करून ते फक्त मुलाच्या सहीनं चालणारं करा. एटीएम कार्ड आणि पिन मुलाकडेच. ‘हरवेल म्हणून आमच्याकडे ठेवलंय’ हे चालणार नाही.

ज्या मुलांचे आई-वडील दिसत नाहीत पण जात माहीत आहे, त्यांच्यासाठी जुन्या पुराव्यांचा प्रश्न येतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. तो मिळण्याची जागा म्हणजे आजोबांच्या शाळेचं प्रवेश निर्गम रजिस्टर किंवा गावचा महसुली दप्तरखाना. चुलत्याला भेटायला एकदा गावी जावंच लागतं. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत करा. ऊसतोडीच्या हंगामात गेलात तर गावात माणूसच भेटायचा नाही.

सावधान: मूळ कागद संस्थेच्या कपाटात आणि मुलाकडे फक्त झेरॉक्स, असं ठेवू नका. संस्था सोडताना मूळ फाईल मुलाच्या हातात द्या, पोच घ्या, आणि संस्थेत साक्षांकित संच ठेवा. सगळे कागद स्कॅन करून मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवा. त्या ईमेलचा पासवर्ड मुलाला पाठ असला पाहिजे.

## टप्पा ३: अनाथ प्रमाणपत्र अठराच्या आत

हा टप्पा फक्त पहिल्या गटासाठी, म्हणजे आई-वडील दोघंही वारलेल्या मुलांसाठी. प्रमाणपत्र महिला व बालविकासचे विभागीय उपायुक्त देतात, आपल्यासाठी ते कार्यालय छत्रपती संभाजीनगरला. प्रस्ताव मात्र जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत वर जातो. म्हणजे फाईल किमान दोन टेबलांवरून फिरते आणि एखादा मृत्यू दाखला कमी निघाला तर खाली परत येते. सोळावं लागलं की प्रस्ताव टाकलात तर या फेऱ्यांना वेळ उरतो.

या प्रमाणपत्रावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत अनाथांच्या जागा वेगळ्या दाखवलेल्या असतात. शिवाय ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या अनाथ मुला-मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. इथे एक मोठी चूक होते. कुणीतरी ‘ओळखीचं कॉलेज आहे, सीट मिळवून देतो’ म्हणतं, मूल व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतं आणि माफी हातची जाते. प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच घ्या, कॉलेज दुसऱ्या पसंतीचं मिळालं तरी.

## टप्पा ४: कोर्स निवडताना वयाचा हिशेब मांडा

मुलाची आवड आणि मार्क हे बघायचंच. पण या मुलांच्या बाबतीत एक तिसरी गोष्ट असते, जी घरच्या मुलांना कधी बघावी लागत नाही: आधार कोणत्या वयापर्यंत आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ नुसार अठरानंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरही मिळणाऱ्या आधाराची, तरतूद आहे. ते साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत चालतं आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येतं. आता गणित मांडा. अठराव्या वर्षी सुरू झालेला चार वर्षांचा इंजिनिअरिंगचा कोर्स बावीसला संपतो, तोही एकही विषय मागे न राहता. म्हणजे शेवटचं वर्ष बिनआधाराचं. ते कसं निभवायचं याचा विचार पहिल्या वर्षीच हवा.

म्हणूनच गणित बरं असलेल्या मुलासाठी दहावीनंतरचा शासकीय तंत्रनिकेतनातला डिप्लोमा हा मला फार चांगला रस्ता वाटतो. सोळाव्या वर्षी सुरू, एकोणिसाव्या वर्षी हातात पदविका. मग नोकरी करता येते, नाहीतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पहिली दोन वर्षं मूल संस्थेच्या छताखालीच असतं. दहावीनंतर सगळ्यांना अकरावी सायन्सला घालायची घाई करू नका.

याच्या उलटही घडतं. ‘यांना लवकर पायावर उभं करायचंय’ म्हणून मुलांना सरसकट आयटीआय आणि मुलींना सरसकट नर्सिंग. ज्या मुलीला इतिहासात पहिला नंबर आहे, तिला तीन वर्षं बीए करून स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तर तो तिचा हक्क आहे. आपलं काम तिच्या निवडीला लागणारा खर्च आणि काळ तिच्यासमोर कागदावर मांडण्याचं.

विद्यापीठाची हद्दही लक्षात घ्या. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. पहिल्या वर्षानंतर एका विद्यापीठातून दुसऱ्यात बदली करणं किचकट असतं. मूल शेवटी राहणार कुठे, हे ठरल्याशिवाय कॉलेज ठरवू नका.

## टप्पा ५: राहण्याची सोय प्रवेशाच्या आधी

मराठवाड्यातल्या शाळांत कित्येक मुलांची जन्मतारीख १ जून लिहिलेली असते. नक्की तारीख ठाऊक नसली की गुरुजी तीच टाकत. त्याचा परिणाम असा की बारावीचा निकाल लागून प्रवेशाची गडबड सुरू असते आणि नेमकं त्याच आठवड्यात मुलाचं बालगृहात राहण्याचं वय संपतं. फॉर्म भरायचा की बिऱ्हाड शोधायचं? मुलं बिऱ्हाड शोधतात, ओळखीच्या कुणाच्या तरी खोलीवर पडतात आणि वाळूजच्या कंपनीत कामाला लागतात.

म्हणून अठरा पूर्ण होण्याच्या निदान सहा महिने आधी अनुरक्षणाचा प्रस्ताव बाल कल्याण समितीसमोर जायला हवा. समितीनं महिन्यातून किमान २० दिवस बसावं असं कायद्यात आहे, तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका. प्रस्तावात तीन गोष्टी स्पष्ट मागा: राहण्याची जागा, दरमहा आर्थिक साहाय्य आणि कोर्स पूर्ण होईपर्यंतचा कालावधी. तिसरी गोष्ट लिहायची राहून जाते आणि मग दरवर्षी नव्यानं विनवण्या कराव्या लागतात.

जागेचे पर्याय असे. शासकीय अनुरक्षण गृह असेल तर ते, पण कॉलेजपासूनचं अंतर बघा. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहांत अनाथांसाठी काही जागा राखीव असतात. अर्जाची मुदत प्रवेशाच्या आसपासच असते आणि ती निघून गेली की वर्ष गेलं. कॉलेजचं स्वतःचं वसतिगृह. आणि शेवटी तीन-चार जणांनी मिळून केलेली खोली. खोली करायची असेल तर पहिल्या वर्षी एकट्यानं नको.

सावधान: मुलगी अठराची झाली की वर्षानुवर्षं न फिरकलेले नातेवाईक अचानक न्यायला येतात. काही खरंच मायेनं येतात. काहींनी लग्न ठरवूनच ठेवलेलं असतं. मुलीशी एकटीशी बोला, नातेवाइकांसमोर नाही. अठरा पूर्ण झालेली मुलगी स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकते, तिला जायचं नसेल तर कुणीही नेऊ शकत नाही, हे तिला आधीच माहीत असायला हवं. दबाव आला तर महिला हेल्पलाइन १८१. मुलगी अजून अठराच्या आत असेल तर १०९८.

## टप्पा ६: घंटेविना जगण्याचा सराव

कागदांच्या धबडग्यात हा टप्पा पूर्ण सुटतो. मूल टिकेल की नाही, हे मात्र इथेच ठरतं असं मला वाटतं.

बालगृहात उठायची घंटा असते, नाश्त्याची, अभ्यासाची, झोपायचीही. साबण संपला तर भांडारातून मिळतो. ताप आला तर काळजीवाहक ताई दवाखान्यात नेतात. सतरा वर्षांच्या मुलानं कधी किराणा आणलेला नसतो, कुलपाची किल्ली सांभाळलेली नसते, एकट्यानं एसटीनं प्रवास केलेला नसतो. अशा मुलाला एका दिवसात खोलीवर सोडलं की पहिल्या महिन्याचे पैसे दहा दिवसांत संपतात. त्याला उधळपट्टी म्हणू नका. पैसे पुरवून वापरायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

शेवटचे सहा महिने हे करून घ्या. दर आठवड्याला ठरावीक रक्कम मुलाच्या हातात द्या आणि साबण, तेल, वही, रिचार्ज त्यातूनच भागवायला सांगा. कमी पडले तर लगेच भर घालू नका, आठवडा काढू द्या. आठवडी बाजारात पाठवा. खिचडी, पिठलं, भाकरी किंवा पोळी आणि एक भाजी एवढं मुलग्यालाही आलं पाहिजे. बँकेत स्लिप भरणं, पासबुक छापून आणणं, दवाखान्यात केसपेपर काढणं, जिल्ह्याच्या गावी एकट्यानं जाऊन एखादा दाखला आणणं. हे प्रत्येक काम आधी तुमच्यासोबत एकदा, मग एकट्यानं.

आणि घंटा न वाजवता उठायला शिकवा. शेवटच्या महिन्यात त्या मुलांना घंटेच्या वेळापत्रकातून मोकळं करा. अधीक्षकांना हे शिस्तीच्या विरुद्ध वाटतं, पण वसतिगृहात पोचल्यावर आठचं लेक्चर गाठायला उठवणारं कुणी नसतं.

## टप्पा ७: प्रवेशाचा आठवडा

हा भाग तसा सोपा आहे, फाईल तयार असेल तर. फक्त चार जागी अडतं.

‘पालकाची सही’ या रकान्यात काय लिहायचं, म्हणून मूल खिडकीसमोर गोंधळतं. अठरा पूर्ण असेल तर बहुतेक ठिकाणी स्वतःची सही चालते. जिथे पालक हवाच म्हणतात, तिथे अनुरक्षणाच्या आदेशाची प्रत आणि स्थानिक पालक म्हणून नेमलेल्या माणसाची सही द्या. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावरही पालकाची सही लागते, तेव्हा तो माणूस त्या दिवशी सोबत हवा.

उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो. मार्चआधी काढून ठेवलेला चालत नाही, एप्रिलनंतर सेतूत जा. हे काम एक पालक हयात असलेल्यांसाठी मुख्य, कारण तो पालकाच्या नावानं निघतो आणि पालक साखर कारखान्याच्या भागात असू शकतो.

प्रवर्ग निवडताना ‘अनाथ’ हा पर्याय टिकमार्क करायचा राहतो आणि मूल खुल्या गटात मोजलं जातं. फॉर्म पक्का करण्याआधी त्याचा छापील कागद काढून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

फी माफ आहे म्हणून खिशात काहीच न घेता जाऊ नका. अनामत, ओळखपत्र, विकास शुल्क अशा नावांनी काही रक्कम मागितली जाते. माफीचा शासन निर्णय छापून सोबत ठेवा आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा.

तपासा: त्या दिवशीच्या शेवटी मुलाकडे प्रवेशाची पावती, बोनाफाईड आणि शिष्यवृत्ती विभागातल्या लिपिकाचं नाव असावं.

## टप्पा ८: पहिल्या तीन महिन्यांचे पैसे हातात ठेवा

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ती मंजूर करून घ्या, पण महिन्याच्या महिन्याला खात्यात पडेलच असं धरून खोली घेऊ नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्तीही प्रवेशानंतर काही महिन्यांनी येते. मधल्या काळात मेसवाला आणि खोलीमालक थांबत नाहीत. दाते, माजी विद्यार्थी, शिक्षक यांच्याकडून काही उभारायचं असेल तर तो पैसा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांसाठी राखून ठेवा. लॅपटॉपचा सत्कार समारंभ करण्यापेक्षा मेसचे तीन महिने भरलेले कामाला येतात.

महाडीबीटीचा अर्ज भरून झाला म्हणजे काम झालं, असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग पुढे. कॉलेजकडूनच परत आलेला अर्ज मुलाला कळतही नाही. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघायची सवय लावा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना वसतिगृह मिळालं नसेल तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीच्या स्वाधार योजनेचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो शिष्यवृत्तीच्या अर्जात आपोआप येत नाही.

कामाबद्दल. विद्यापीठाची कमवा व शिका योजना असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव द्या. ते काम कॉलेजच्या आवारात आणि ठरावीक तासांचं असतं. लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जाणं अधूनमधून ठीक. पण कंपनीतली रात्रपाळी नको. पहिला पगार हातात आला की सकाळचं लेक्चर बुडतं, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली येते आणि परीक्षेला बसण्यावरच गंडांतर येतं.

## टप्पा ९: पहिलं सेमिस्टर, एका माणसाच्या नजरेखाली

प्रत्येक मुलामागे एक माणूस नेमा. संस्था, ट्रस्ट, ग्रुप यांपैकी कुणी नको. नाव असलेलं, फोन उचलणारं, त्याच शहरात राहणारं एक माणूस हवं. शिक्षक, बँकेतला कर्मचारी, संस्थेतूनच पुढे गेलेला मोठा दादा किंवा ताई, कुणीही. माजी विद्यार्थी सगळ्यात चांगले, कारण त्यांना खोटं समाधान द्यावं लागत नाही.

या माणसानं आठवड्यातून एकदा बोलायचं आणि ‘कसं चाललंय?’ असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर ‘बरंय’ असंच येतं. विचारायचं ते असं: या आठवड्यात कोणतं लेक्चर बुडलं? मेसचे पैसे कधीपर्यंत भरलेत? परीक्षेचे फॉर्म निघाले का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. परीक्षा अर्जाची मुदत चुकली की विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क, आणि पैसे नाहीत म्हणून मूल गप्प राहतं. एखाद-दुसऱ्या विषयात एटीकेटी लागली (विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जावं लागलं) तर ती सामान्य गोष्ट आहे, हेही त्यानंच आधी सांगून ठेवायचं. या मुलांना नापास होणं म्हणजे सगळ्यांनी केलेल्या उपकाराला आपण कमी पडलो असं वाटतं आणि ती तोंड लपवतात.

कॉलेजात मुलाची ओळख किती उघड करायची, हे मूल ठरवेल. प्राचार्य आणि एका विश्वासू प्राध्यापकाला माहीत असणं पुरे. वर्गात प्रवर्गाची यादी वाचून दाखवणं, फोटोसकट स्थानिक पेपरात ‘अनाथ मुलाची भरारी’ छापून आणणं बंद करा. बालगृहातल्या मुलाची ओळख माध्यमांत उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. अठरा पूर्ण झाल्यावरही त्याच्या परवानगीशिवाय हे करू नये.

दिवाळीची सुट्टी वेगळी सांभाळा. वसतिगृह रिकामं होतं, मेस बंद पडते, सगळे गावी जातात. बालगृहात जाता येत नाही कारण वय संपलेलं असतं. ते आठ-दहा दिवस मूल कुठे राहणार आणि काय खाणार, हे सप्टेंबरमध्येच ठरवा. वसतिगृहाच्या वॉर्डनकडे सुट्टीत राहू देण्यासाठी लेखी अर्ज द्या, दोन घरांत जेवायचं ठरवा, आणि जमलं तर त्या शहरातल्या अशा सगळ्या मुलांना एकत्र ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीलाही हेच.

रात्री झोप न लागणं, आंघोळ-जेवण सोडणं, फोन बंद ठेवणं असं दोन आठवडे दिसलं तर उपदेश करू नका, भेटायला जा. टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन मराठीतही बोलते, तो नंबर मुलाच्या मोबाईलमध्ये पहिल्या दिवशीच घालून ठेवा.

## कॉलेज सुटलंच तर

आधी कॉलेज सोडल्याचा दाखला काढू देऊ नका. रागात किंवा लाजेत मुलं तो काढतात आणि परतीची वाट अवघड होते. प्रवेश तसाच ठेवून प्राचार्यांना भेटा, हजेरीचं आणि बॅक विषयांचं नेमकं काय होतंय ते विचारा. त्या वर्षी परत जाणं शक्यच नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या अभ्यास केंद्रात पुढच्या सत्राचा प्रवेश बघा, म्हणजे काम करत पदवी चालू राहते. अनुरक्षणाचा आदेश चालू असेल तर बदललेला कोर्स जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा, नाहीतर साहाय्य थांबतं. आणि दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण मुलाला स्वतःला करायला लावा, तुम्ही शेजारी बसून.